तळ दिसण्याचे दिवस

पाणी निवळायला लागलं की मला बरं वाटेनासं होतं. कुणाला पावसाळा सोसत नाही, कुणाला मार्चमधलं ऊन. माझं हे असं आहे. आश्विन लागतो, ढग पांगतात, ज्वारी निसवते, कपाशीला बोंडं धरतात, आणि चार महिने तळ्यांतून, विहिरींतून घुसळत असलेला गाळ मुकाट खाली जाऊन बसतो. यवतमाळात माझ्या गच्चीवर सिमेंटची एक जुनी टाकी आहे, तीत मी चार पाणवनस्पती पाळल्या आहेत. निवृत्त मास्तरणीला काहीतरी चाळा हवाच. परवा सकाळी टाकीत डोकावले तर तळाचा खडा न् खडा दिसत होता, आणि मी चटकन मागे सरले. शेजारची सूनबाई कपडे वाळत घालत होती. "काय झालं काकू, साप दिसला का?" म्हटलं, "नाही गं, पाणी स्वच्छ झालंय." तिनं माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं आणि राहिलेले कपडे झटकायला लागली.

हे माझं दुखणं एकसष्ट सालच्या आश्विन-कार्तिकातलं आहे. तेव्हा मी नागपूरला वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या विषयाला मुली दोनच. दुसरीचं लग्न ठरलेलं, त्यामुळे चिखलात उतरायचं काम निघालं की सगळे माझ्याकडे पाहत. आमचे सर बुटके, हळू बोलणारे आणि एकाच प्रश्नानं पछाडलेले होते. जमिनीवर थंड देशाकडून उष्ण देशाकडे यावं तशा झाडांच्या जाती वाढत जातात, हे शाळकरी पोरही सांगेल. पण पाण्यात काय होतं? तिथंही तसंच, की तिथला कायदा वेगळा? हिंदुस्थानभरातून आणि परदेशांतून ते पाणवनस्पतींचे वाळवलेले नमुने मागवायचे, बदल्यात आपल्याकडचे पाठवायचे. त्यांच्या खोलीत कपाटं होती, त्यांत कागद होते, आणि त्या कागदांवर जगभरची तळी चपटी होऊन पडली होती.

एकदा त्यांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले, नावं हातांनी झाकून. दोन्हींवर एकेक डहाळी, तपकिरी पडलेली, बारीक लांब पानांची. "एक आहे तिथली, जिथं तळं सहा महिने गोठलेलं असतं. दुसरी तुमच्या पुसदकडची. सांग, कुठली कुठली?" मी भिंग लावलं, पानांच्या कडा पाहिल्या, देठ पाहिले. मला सांगता आलं नाही. सरांना फार आनंद झाला. ते म्हणाले, "सांगता येऊ नये, हेच तर!" मला मात्र आनंद झाला नाही. आंबा बर्फात उगवत नाही, देवदार यवतमाळात येत नाही. झाडानं आपली पायरी ओळखून असावं अशी माझी समजूत होती. ही डहाळी बर्फाखालीही जगते आणि आमच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही, आणि तोंडवळाही बदलत नाही. एखादा माणूस दोन गावांत एकाच दिवशी दिसल्याचं कळावं तसं मला झालं.

सरांचा अंदाज असा होता: थंड मुलखात वरचं पाणी गोठतं, म्हणून तिथल्या वनस्पती पाण्याखालीच राहायला शिकतात. उष्ण मुलखात त्या वर येतात, पसरतात, मुळं सुटी सोडून तरंगतात, आणि त्यांचे प्रकारही तिथंच जास्त. "पण तुमच्याकडे तिसरंच आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे थंडी मारत नाही, मे महिना मारतो." जे तळं दर उन्हाळ्यात भेगाळतं आणि दर पावसाळ्यात पुन्हा भरतं, त्यात कोण कोण तग धरतं, याची पूर्ण यादी त्यांना हवी होती. पुसदपासून सात-आठ मैलांवर माझ्या मामाचं गाव आहे आणि गावाला तळं आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आजही अधूनमधून वाटतं.

तळ्याच्या या बाजूला मामाची कपाशी आणि तुरीचं वावर, त्या बाजूला बंजाऱ्यांचा तांडा. ज्यांच्या आजे-पणज्यांनी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य देशभर वाहिलं, ती माणसं आता घरं करून स्थिरावली होती आणि आमच्यासारखीच पावसाला शिव्या देत होती. तळ्याच्या कडा उन्हाळ्यात आटत, चिखलाला भेगा पडत, ढोरं त्यावरून चालत जात. मधला डोह मात्र कुणी आटलेला पाहिला नव्हता. मामा म्हणे, "त्याचा तळ आश्विनापासून दिसते, तेही दोनच महिने. मंग पाण्यावर साय येते."

पाणवनस्पती गोळा करण्याची एक पद्धत आहे, ती ज्यानं केली नाही त्याला खोटी वाटेल. ही झाडं पाण्यात असतात तोवर त्यांना रूप असतं. बाहेर काढली की ओला बोळा. म्हणून त्यांना पुन्हा पाण्यात घालावं लागतं: परातीत पाणी घ्यायचं, त्यात जाड कागद बुडवायचा, त्यावर झाड सोडायचं, सुईच्या टोकानं एकेक पान मोकळं करायचं आणि मग कागद एका कडेनं, श्वास धरून, वर उचलायचा. पाणी निघून जातं, झाड पसरलेलं तसंच कागदावर राहतं. मग वर जुनं वर्तमानपत्र, त्यावर पाटा, आणि वर्तमानपत्रं रोज दोनदा बदलायची. मामीची परात मी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली. "त्या परातीत मी भाकरीचं पीठ मळतो, बाई," एवढंच ती बोलली. नंतर तिनं स्वतःसाठी पितळी ताट काढलं.

मी डोहाच्या कडेला कमरेइतक्या पाण्यात उभी राहून काम करायची. दुपारी बारा ते तीन, कारण तेव्हा ऊन सरळ तळापर्यंत जायचं. त्या वेळी तिथं कुणी नसे. गुरं बाभळीखाली बसलेली, वारा पडलेला. पाण्याखाली लांब फितीसारख्या पानांचं गवत होतं, ते वारा नसतानाही हलायचं, सगळं एकाच दिशेला. त्याची मादीफुलं तळापासून निघालेल्या दोरीसारख्या देठावर वर येतात, पाण्याच्या पातळीला टेकतात आणि उघडतात. परागण झालं की तो देठ स्वतःभोवती गुंडाळला जातो आणि फुलाला खाली ओढून नेतो. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. पण एका दुपारी पाहिलेली फुलं दुसऱ्या दुपारी पाण्यावर नाहीत आणि खाली पाहावं तर गुंडाळलेल्या देठांच्या टोकाला ती मिटून बसली आहेत, हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी पाय जरा जवळ घेतले. दुसऱ्या एका वनस्पतीला मोहरीएवढ्या पिशव्या होत्या, त्यांत ती डासांच्या अळ्या पकडून खायची. माझ्या तेव्हाच्या वहीत सगळ्यांपुढे नीट नावं लिहिलेली आहेत, अक्षर मात्र जागोजाग थरथरलेलं आहे. थंडीमुळे, असं मी समासात लिहून ठेवलंय. आश्विनात, भर दुपारी!

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला कळलं, की आपल्याकडे कुणीतरी पाहतंय. समोरच्या काठावर एका सपाट दगडावर एक म्हातारी बसली होती. घेरदार घागरा, आरशांची काचोळी, डोईवरून ओढणी. ती माझ्याकडे पाहतच नव्हती, हे मागून लक्षात आलं. ती माझ्यापुढच्या पाण्यात पाहत होती. ऊन डोहाच्या ज्या भागावर पडेल तिकडे तिची मान वळायची, आणि ऊन कलंडलं की ती उठून जायची. असे पाच-सहा दिवस गेले. मग एकदा ती काठाकाठानं चालत माझ्यापर्यंत आली आणि पाण्याकडे बोट करून म्हणाली, "खाली कोण श्वास सोडून राह्यलं?"

तळातून बुडबुडे येत होते. बारीक, चांदीच्या मण्यांसारखे, एका मागोमाग एक. मी हसून समजावलं: ऊन पडलं की पाण्याखालची झाडं हवा सोडतात, त्याचे हे बुडबुडे. तिनं ते नीट ऐकून घेतलं. "झाडं सोडते?" "हो." "माणूस नाही?" "नाही." "पक्कं?" मी एक डहाळी ओढून तिच्या हातावर ठेवली, पाण्यात धरून दाखवली, पानांतून मणी सुटताना दाखवले. तिनं मान हलवली आणि मोठा सुस्कारा टाकला. मला तो सुटकेचा वाटला, पण सुटका कशातून, हे तेव्हा कळलं नाही.

मामाला विचारलं. मामा अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाला, "ते थावरीबाई. तांड्यातली. तिची पोरगी होती, रुपली. चार सालं झाले, पाण्याले म्हणून आली तळ्यावर, वापस नाही गेली. घागर काठावर भेटली. कोणी म्हणते बुडाली. पन मुर्दा नाही निघाला. तांड्यातले दोन-तीन पट्टीचे पोहणारे उतरले होते, मातीले हात लावून वर आले. कोणी म्हणते ढाणकीच्या बाजारात पायली, एका गाडीवानासंगं. कोणी म्हणते मारेगावकडं सरकी निवडाले जाते. तिचा काय भरोसा?"

"मग म्हातारी काय पाहते?"

"आता मले काय मालूम! तूच इचार. तुह्यासंगं बोलते ते. आमच्यासंगं कोठी बोलते?"

मी विचारलं. तांड्यात आईला याडी म्हणतात, हे मामीनं सांगितलं होतं, म्हणून मीही तिला याडी म्हणायला लागले होते. थावरीबाईनं सांगितलं ते इतकं सरळ होतं की त्यात रडण्याला जागाच नव्हती. पावसाळ्यात पाणी गढूळ, तळ दिसत नाही. मार्गशीर्षापासून वर साय धरते, तळ दिसत नाही. दोन महिनेच डोह खरं बोलतो. त्या दोन महिन्यांत ती रोज येते, इंच न् इंच पाहते. "दिसली नाही, का मंग आतमंदी नाही. आतमंदी नाही, मंग कोठीतरी जीती हाय. पुढच्या सालापर्यंत जीती हाय." असं तिनं चार वर्षं केलं होतं. दर आश्विन-कार्तिकात ती मुलीला शोधायची आणि मुलगी न सापडल्याचं समाधान घेऊन घरी जायची.

"आन् तुह्या झाडाईनं तळ झाकला नाही पायजे, बेटी," ती म्हणाली. "गवत इतकंच राहू दे. इतक्यातून दिसते."

मी हसले. माझी झाडं! मी एकेक उपटतच होते. म्हटलं, उलट तुझं काम सोपं करते आहे, याडी. त्यानंतर आम्ही दोघी रोज दुपारी त्याच पाण्यात पाहायचो. मी पाहायची काय काय आहे ते, आणि ती पाहायची काय नाही ते. कधी मी मान वर केली की तिचे ओठ हलताना दिसायचे, आणि पाण्याखालचं ते लांब गवत सगळं तिच्याकडे झुकलेलं असायचं. मला वाटायचं की आत कुणी असलंच तर ते या बाईला ओळखत असणार. असले विचार शास्त्राच्या विद्यार्थिनीनं करू नयेत. मी करत होते.

आता बादलीबद्दल. हे मी वर्गात तीस वर्षं शिकवताना कधी सांगितलं नाही.

येताना सरांनी माझ्यासोबत एक रोप दिलं होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून. बंगालकडून आणवलेलं. गुळगुळीत जाड पानं, देठाला फुगे, त्यामुळे पाण्यावर सुटं तरंगायचं. तिला जलपर्णी म्हणतात हे तेव्हा आमच्याकडे कुणाच्या कानावरही नव्हतं. ती दूरच्या उष्ण मुलखातली. थंड देशात पहिल्याच हिमानं मरते. सरांना पाहायचं होतं की आमच्या हवेत ती कशी वाढते. "बादलीत ठेव, रोज पानं मोज, आणि काम झालं की वाळवून टाक. तळ्यात सोडू नकोस," त्यांनी बजावलं होतं. मामीच्या गोठ्याजवळ मी ती बादली ठेवली. एकाची दोन झाली, दोनाची चार. सकाळी उठून मोजायला जावं तर कालचा आकडा खोटा ठरलेला असे. मामी म्हणाली, "हे काय आणलं बाई? मी इकडं तोंड केलं का तिकडं वाढते." आणि दिवाळीच्या तोंडावर तिला तुरा आला. फिकट जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. इतकं देखणं फूल आमच्या तळ्यात एकही नव्हतं.

दिवाळी झाली, मला परतायचं होतं, मामीला सारवायला बादली हवी होती. रोप उन्हात टाकायचं, एवढंच करायचं होतं. पण वनस्पतिशास्त्राच्या पोरी मोठ्या विचित्र असतात. आम्ही शंभर झाडं पाट्याखाली चिरडू, पण फुलावर आलेलं जिवंत रोप उकिरड्यावर टाकायला आमचा हात उठत नाही. मी मनाशी हिशेब केला: इथं हिम पडत नाही खरं, पण मे महिना आहे. कडा भेगाळतील, ती मरेल. तोपर्यंत बिचारीला फुलू दे. मधला डोह आटत नाही, हे मला माहीत होतं. माझ्याच वहीत, पहिल्या पानावर, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तरी मी बादली नेऊन तळ्यात पालथी केली. फुलाचा तुरा क्षणभर बुडाला, मग डोलत वर आला.

यानंतरची तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. परीक्षा झाली, नागपूरलाच एका शाळेत नोकरी लागली. त्रेसष्टमध्ये मामाचं कार्ड आलं: "तळं फार फुललं आहे. लोक पाहायला येतात. तूही येऊन जा." मी ते कार्ड पुस्तकात घालून ठेवलं आणि पुस्तक कपाटात. सरांनी मात्र चौसष्टच्या पावसाळ्यात बोलावून घेतलं. त्यांना तीन वर्षांनंतरची दुसरी मोजणी हवी होती. त्यांच्या तक्त्यात आमच्या तळ्याची ओळ म्हणूनच दोनदा आहे. पहिल्या ओळीत नावं मावत नाहीत, पुढच्या पानावर गेली आहेत. दुसऱ्या ओळीत एकच नाव आहे. उष्णता वाढली की जाती वाढतात, असं आम्ही लिहिणार होतो. हिम नाही म्हणजे काय काय अडवलं जात नाही, ते कुणी लिहायचं हे ठरलं नव्हतं. सरांनी ती ओळ बराच वेळ पाहिली आणि मला काही विचारलं नाही. त्यांनी विचारायला हवं होतं.

त्या आश्विनात मी एसटीतून उतरले ती पिशवीसकट आधी तळ्यावर गेले. पाणी दिसलंच नाही. आमच्या बांधापासून तांड्यापर्यंत हिरवी जाड पानं एकमेकांना खेटून उभी, आणि त्यांवर जांभळे तुरे, हजारोंनी. देखणं होतं, नाही म्हणत नाही. एक कुत्रं जमीन समजून त्यावर पाय टाकायला गेलं आणि केकाटत मागे फिरलं. बेडूक नाही, पाणकोंबडी नाही, कसलाच आवाज नाही. वारा आला की ते सगळं एका अंगानं खालीवर व्हायचं, झोपलेल्याचं पोट व्हावं तसं. मी कडेचं एक रोप उचललं. खाली काळी मुळं हातभर लोंबत होती. मी हात कोपरापर्यंत आत घातला, चाचपडलं. ते लांब गवत नव्हतं, पिशव्यांची वनस्पती नव्हती, काही नव्हतं. उजेडच पोचत नव्हता, तर उगवणार काय? हात बाहेर काढला तेव्हा त्याला कुजका वास येत होता.

सपाट दगडावर कुणी नव्हतं. मला वाटलं म्हातारी गेली, आणि खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. पण मामी म्हणाली, "हाय की. घरीच असते आता." मी तांड्यात गेले. थावरीबाई दारात बसून उडीद निवडत होती, नुसत्या बोटांनी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आवाजावरून तिनं ओळखलं. "झाडवाली बेटी!" म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचा चेहरा भरला होता, अंगही जरा सुधारलं होतं.

"तळ्यावर येत नाहीस आता, याडी?"

"कायले येऊ? काम झालं ना माहं." ती हसली. "तिनं पांघरून घेतलं, बाई. मी एवढे सालं पायत राह्यली, पायत राह्यली. मायनं तरी किती पायावं? तिले लाज वाटली असंन. मंग तिनं अंगावर हिरवं ओढून घेतलं. तवा मले समजलं, का ते आतमंदीच हाय. मंग सारं केलं रीतीनं, तांड्याले जेवू घातलं. आता झोप लागते मले."

मी तिथं बसून होते. उडदातले खडे ती एका बाजूला टाकत होती, त्यांचा टिकटिक आवाज येत होता. उठून निघून जायचं होतं. तिला झोप लागत होती, याहून मला दुसरं काय हवं होतं? पण मला चुकीचं नाव लिहिलेला कागद पाहवत नाही. तो स्वभाव आहे, आणि मी त्याला आयुष्यभर सद्गुण समजत आले. शिवाय पोटात तीन वर्षं जे घेऊन फिरत होते ते एकदाचं कुणाच्या तरी ओटीत टाकायचं होतं. हे दुसरं कारण जास्त खरं आहे.

"याडी, ते मी टाकलं," मी म्हटलं. "ते झाड. मी नागपूरवरून आणलं होतं, बादलीत. एकच होतं. जाताना तळ्यात टाकलं."

तिची बोटं थांबली. "तू टाकलं?"

"हो."

"तिनं नाही?"

"नाही."

मुठीतले उडीद तिनं परत सुपात सोडले. मग तिनं विचारलं, रागानं नाही, अगदी हळू विचारलं, "मंग ते आतमंदी हाय, हे कोणं सांगतलं मले?"

तिनं सूप बाजूला सारलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली आणि चालायला लागली. वाट तिला न पाहताही येत होती. काठाशी येऊन तिनं घागरा खोचला आणि सरळ त्या हिरव्यात शिरली. दोन्ही हातांनी रोपं धरून ओढायला लागली. मीही उतरले. ती झाडं वाटतात त्याहून फार जड असतात, मुळं मुळांत गुंतलेली. एक ओढलं की दहा येतात, आणि रिकाम्या जागी शेजारची वीस सरकतात. मी कुंपणाचा एक बांबू आणून आडवा धरला, ती उपसत राहिली. तिच्या हातांना ओरखडे पडले. उन्हं उतरेपर्यंत आम्ही एका खाटेएवढी जागा मोकळी केली. मधे काळं पाणी होतं, आम्हीच ढवळलेलं.

"डोये गेले माहे," ती धापा टाकत म्हणाली. "तू पाय. तुले सारं दिसते."

मी वाकले. त्या पाण्यात मला माझं तोंडसुद्धा दिसलं नाही. गाळ बसायला रात्र लागली असती, आणि सकाळपर्यंत ती जागा पुन्हा मिटली असती. आमच्या शास्त्रात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: जे दिसलं नाही त्याच्यापुढे 'दिसलं नाही' लिहायचं, 'नाही' लिहायचं नाही.

"काय हाय?"

"काही नाही, याडी," मी म्हटलं. "तळ साफ आहे. काही नाही."

"नीट पायलं?"

"नीट पाहिलं."

ती कमरेइतक्या पाण्यात तशीच उभी राहिली, माझ्या पाठीवर ओला हात ठेवून. तिचा भरलेला चेहरा माझ्यासमोर पुन्हा ओढल्यासारखा झाला, तीन वर्षांपूर्वी ती दगडावर बसायची तेव्हा असायचा तसा. "मंग जीती हाय," ती म्हणाली. "जीती हाय, आन् मी तिचं सारं करून टाकलं." थोड्या वेळानं म्हणाली, "रोज पाहावं लागन आता. मी उपसतो, तू पाय. उद्या येतं ना?"

मी हो म्हटलं.

सकाळी सातच्या गाडीनं मी निघाले. गावाबाहेरच्या वळणावर बांधाच्या फटीतून तळं दिसतं. खिडकीतून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. थावरीबाई केव्हाची आलेली असावी. कमरेइतक्या हिरव्यात उभी राहून ती उपसत होती, आणि दर दोन-चार रोपांनंतर थांबून, गावाकडून येणाऱ्या वाटेकडे कान लावत होती.